धारावीच्या गल्लीतला दवाखान्याबाहेरचा दवाखाना

मुंबईच्या शीव रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस नवजात बालकांच्या विभागात काम करत. १९८९ साली त्यांनी तिथे आशियातली पहिली मातृदुग्धपेढी सुरू केली. पण अनेक बाळांची दुखणी वॉर्डात यायच्या आधीच, वस्तीत, सुरू झालेली असतात. म्हणून १९९९ मध्ये त्यांनी ‘स्नेहा’ ही संस्था उभी केली.

काम कसं चालतं? कुपोषण ओळखण्याची साधी पद्धत घ्या. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलाच्या दंडाला रंगीत पट्टी गुंडाळायची. घेर साडेअकरा सेंटीमीटरहून कमी भरला तर लाल, म्हणजे तीव्र कुपोषण, साडेबाराच्या आत पिवळा, त्यापुढे हिरवा. आई अडाणी असली तरी रंग तिला कळतो. मात्र पट्टी घेऊन दारात उभी राहणारी बाई ओळखीची हवी, नाहीतर दार उघडतच नाही. म्हणूनच वस्तीतल्याच बायकांना ‘स्नेहा’ तयार करते. धारावीत त्या ‘संगिनी’ म्हणून ओळखल्या जातात. त्यांचं काम कुपोषणापुरतं नाही: शेजारच्या घरात मारहाण होत असेल तर ती बातमी समुपदेशकापर्यंत त्याच पोहोचवतात. पोलिसांपेक्षा भिंतीपलीकडच्या बाईला आधी कळतं, हे उघडच आहे.

याशिवाय संस्थेत किशोरवयीन मुलामुलींशी रक्तक्षय, पाळी, शरीरातले बदल यांवर बोलणं होतं. मुलग्यांनाही बसवतात, हे मला विशेष पटतं.

२०१५ मध्ये संस्थेने ‘धारावी बिनाले’ हा कलामहोत्सव भरवला. आरोग्याचे विषय तिथे कलाकृतींतून मांडले होते, आणि त्या घडवणाऱ्यांत वस्तीतली माणसंच होती.