निदानाची ओळ आणि यंत्राचे वाचन

ड्रेस्डेन येथील एएमडीच्या ऑपरेटिंग सिस्टीम संशोधन केंद्रात ‘टॅपर’ ही चाचणी-व्यवस्था उभी राहिली. लिनक्स, झेन आणि केव्हीएम यांच्या चाचण्या अनेक यंत्रांवर चालवून निकाल एकत्र करणे हे तिचे काम. २०१२च्या अखेरीस ते केंद्र बंद करण्यात आले. टॅपर मात्र मुक्त स्रोत होती. तिच्या नावातच तिची भाषा आहे: टॅप, अर्थात ‘टेस्ट एनीथिंग प्रोटोकॉल’. १९८७ साली पर्लच्या पहिल्या आवृत्तीबरोबर जन्मलेली ही निकाल लिहिण्याची पद्धत आजही प्रचारात आहे.

तिचे व्याकरण अत्यल्प. एका ओळीत चाचण्यांची एकूण संख्या. मग प्रत्येक चाचणीला ‘ओके’ किंवा ‘नॉट ओके’ आणि क्रमांक. चाचणी का फसली, हे माणसाला सांगणारी निदानाची ओळ # या चिन्हाने सुरू होते आणि यंत्र ती निकालात मोजत नाही.

घोटाळा होतो तो निदान अनेक ओळींचे असते तेव्हा. समजा, फसलेल्या चाचणीने दुसऱ्या प्रोग्रामचे सारे आउटपुट जसेच्या तसे छापले, पण # फक्त पहिल्या ओळीला लावले. त्या आउटपुटात ‘ओके ३’ अशी ओळ असेल, तर तीही निकाल ठरते. काटेकोर वाचक क्रम बिघडल्याची तक्रार तरी करतो. ‘ओके’ शोधून मोजणारी घरगुती स्क्रिप्ट निमूटपणे एक यश वाढवते. म्हणून चिन्ह प्रत्येक ओळीला हवे. शिवाय, प्रगती दाखवणारे ठिपके छापून ओळ न मोडल्यास पुढचा निकाल त्यांना चिकटतो आणि यंत्राला दिसतच नाही. आरंभीची एकूण संख्या उपयोगी पडते ती अशा वेळी.

टॅपच्या तेराव्या आवृत्तीने निदानासाठी यामल स्वरूपाचा, आत सरकवलेला खंड दिला. त्यातील आकडे यंत्रालाही वाचता येतात. जर्मनीत खरी सावधगिरी येथे हवी. जर्मन लोकेल मानणारा प्रोग्राम दशांशाला स्वल्पविराम लिहितो. ‘०,८३’ ही यंत्राच्या लेखी संख्या नव्हे, नुसता मजकूर. त्याहून घातक प्रकार सहस्रांच्या बिंदूचा. ‘१.२५०’ मिलिसेकंद म्हणजे जर्मन वाचकाला साडेबाराशे. यंत्र वाचते सव्वा! चूक हजारपटीची, आणि एकही चाचणी लाल होत नाही. यासाठी चाचणी चालवताना ‘एलसी_ऑल’ या चलाचे मूल्य ‘सी’ ठेवावे आणि जर्मन शब्द, स्वल्पविराम वगैरे सोपस्कार अहवालाच्या पृष्ठावर, निकाल वाचून झाल्यानंतर करावेत.