कानाला हात लावण्याआधी

दादीजान ‘काय म्हणालीस?’ असे दोनदा विचारू लागल्या की घरात उपचार सुरू होतात. कुणी लसूण घातलेले कोमट तेल सोडते, कुणी केसांतला आकडा काढते, कुणी आगकाडीला कापूस गुंडाळते. डोळ्यात काही गेले तर आपण डॉक्टर शोधतो; कान मात्र कुणाच्याही हाती देतो. कुरआनात ऐकणे आणि पाहणे यांचा जोडीने उल्लेख येतो तेव्हा बहुतेक ठिकाणी ऐकणे आधी आहे, हे ठाऊक असूनही!

ब्रिटनमध्ये या कामासाठी खास तयार झालेल्या नर्सेस असतात. नर्स म्हणून नोंदणी झाल्यानंतरचे हे वेगळे शिक्षण. आधी कानाची रचना. मोठ्या माणसाच्या कानाची नळी जेमतेम अडीच सेंटिमीटर. बाहेरचा भाग कूर्चेचा, आतला हाडाचा, आणि त्या हाडावरची कातडी इतकी पातळ की जराशा धक्क्याने रक्त येते. नळी सरळ व्हावी म्हणून मोठ्यांचा कान वर आणि मागे ओढायचा, तान्ह्या बाळाचा खाली आणि मागे. मग ओटोस्कोपने निरोगी कान पाहायचे, एक-दोन नव्हे, पुष्कळ. चांगला पडदा नजरेत बसल्याशिवाय बिघडलेला ओळखता येत नाही. पुढे नकली कानावर सराव, नंतर जाणकार शेजारी उभी असताना रुग्णावर. तिची खात्री पटली की मगच एकटीने.

हत्यारांचेही शिक्षण आहे. कानात सोडायचे पाणी शरीराइतकेच कोमट हवे. गार किंवा गरम गेले तर रुग्णाला गरगरते, कारण तोल सांभाळणारा अवयव तिथेच आत आहे. ‘नाइस’ या तिथल्या संस्थेने 2018 मध्ये हाताने दाबायची जुनी पिचकारी वापरू नका असे सांगितले. तिच्याऐवजी विजेवरचे यंत्र किंवा बारीक नळीने मळ ओढून घेणारे मायक्रोसक्शन.

पण मला सर्वांत मोलाचे वाटते ते ‘नाही’ म्हणण्याचे शिक्षण. पाणी सोडण्याआधी नर्स विचारते: कान कधी फुटला होता का? पडद्याला भोक आहे का? कानाचे ऑपरेशन झाले आहे का? दुसऱ्या कानाने ऐकू येते का? ऐकणारा कान एकच असेल तर त्यात पाणी सोडायचे नाही. मधुमेह असलेल्या वयस्क माणसाचा कान वाहत असेल आणि रात्री झोपू न देणारी कळ येत असेल, तर मळ राहू दे, त्याला तातडीने तज्ज्ञाकडे पाठवायचे. तो संसर्ग कवटीच्या हाडात उतरू शकतो. एकदा शिकले म्हणजे झाले असेही नाही. 2016 पासून तिथल्या प्रत्येक नर्सला दर 3 वर्षांनी नोंदणी टिकवण्यासाठी किमान 35 तासांचे शिक्षण दाखवावे लागते. (तिथेही सारे आलबेल नाही. अनेक सरकारी दवाखान्यांनी कान साफ करणे बंद केल्याने लोकांना पदरचे पैसे मोजावे लागतात.)

आपल्याकडे नर्सिंगच्या अभ्यासक्रमात कान-नाक-घशाचे प्रकरण असते, पण प्रकरण वाचणे आणि हात बसणे यांत अंतर आहे. मदिनेत जखमींसाठी तंबू उभारणाऱ्या हजरत रुफैदा (रजि.) यांचे नाव आपण अभिमानाने घेतो. आपल्या कितीतरी मुली आज नर्सिंगला जातात. त्यांच्यापैकी काहींनी हे कसब आत्मसात केले, तर पुरुष डॉक्टरांसमोर ओढणी सरकवायला संकोचणाऱ्या, आणि म्हणून दुखणे अंगावर काढणाऱ्या बायका तपासायला तरी येतील. पडद्याला भोक असलेल्या रुग्णाला अशी नर्स समजावू शकेल की वुजूत ओल्या बोटाचा मसह करायला हरकत नाही; गुस्लच्या वेळी मात्र व्हॅसलीन लावलेला कापूस कानात हवा.

दादीजानच्या कानात कदाचित मळ नसेलही. वयामुळे कमी झालेले ऐकणे आकड्याने परत येत नाही. त्यासाठी श्रवणचाचणी करावी लागते, आणि ती मुंबईत वांद्र्याच्या अली यावर जंग संस्थेत होते.