लग्नाच्या जुन्या कॅसेटच्या कडा: कापायच्या की झाकायच्या?

आमच्या परभणीत अजूनही कितीतरी घरांत नव्वदच्या दशकातल्या लग्नांच्या व्हीएचएस कॅसेट आहेत. त्या डिजिटल करून यूट्यूबवर टाकल्या, की चित्राच्या तळाशी थरथरणारी पट्टी दिसते. म्हणजे कॅसेट खराब झाली, असं नाही. व्हीसीआरच्या फिरत्या ड्रमवरची हेड्स आळीपाळीने टेप वाचतात. एका हेडवरून दुसऱ्यावर जाताना हा गोंधळ उमटतो. जुना टीव्ही चित्राच्या कडा थोड्या लपवायचा, म्हणून तेव्हा तो कुणाला दिसला नाही. मोबाईल मात्र पूर्ण फ्रेम दाखवतो.

उपाय दोन. क्रॉप केलं तर कडा कापली जाते, फ्रेमचा आकार बदलतो. मास्क केलं तर तेवढ्याच भागावर काळी पट्टी येते, आकार तोच राहतो. पाल पद्धतीची डिजिटल फ्रेम ७२० बाय ५७६ पिक्सेलची असते. तळाच्या साधारण ८ ते १२ ओळी झाकल्या की बहुतेक वेळा भागतं. मी मास्कच करतो.

एक मोह टाळा: स्क्रीन भरावी म्हणून ४:३ चं चित्र कापून १६:९ करू नका. उंचीचा चौथा भाग जातो, आणि सतरंजीवर पुढेच बसलेली आजी नेमकी त्यात असू शकते. मूळ फाईल न कापता वेगळी जपून ठेवा. कॅसेट पुढच्या वेळी चालेलच, याची खात्री नाही.