चौथ्या मुलाखतीनंतर

सॉफ्टवेअरच्या एखाद्या नामांकित कंपनीकडे अर्ज गुदरावा, तेथील भरती अधिकाऱ्याशी दूरध्वनीवर प्रास्ताविक बोलणे व्हावे, मग परीक्षकाच्या नजरेखाली एक-दोन प्रश्नांचा कोड लिहून दाखवावा, आणि एवढे निभावल्यावर पाऊण-पाऊण तासाच्या चार-पाच मुलाखतींना खरा प्रारंभ व्हावा, हा क्रम आता हिंजवडीपासून कॅलिफोर्नियातील माउंटन व्ह्यूपर्यंत रूढ झाला आहे. एकीत अल्गोरिदम, दुसरीत लक्षावधी लोकांचा भार वाहणाऱ्या यंत्रणेची रचना, तिसरीत सहकाऱ्याशी मतभेद झाला तेव्हा आपण काय केले याची जबानी!

गूगलमध्ये तर मुलाखत घेणारा निकाल देतच नाही. तो आपला लेखी अभिप्राय दाखल करतो, आणि उमेदवाराचे तोंडही न पाहिलेली एक समिती त्या कागदपत्रांवरून शिफारस करते. एकाच माणसाच्या लहरीवर, पूर्वग्रहावर वा वशिल्यावर कोणाची नेमणूक ठरू नये, हा यामागील हेतू निःसंशय स्तुत्य आहे, आणि आमच्याकडील कित्येक शिक्षणसंस्थांच्या निवड समित्यांनी त्याचा जरूर अभ्यास करावा. परंतु जबाबदारी अनेकांत विभागली गेली की नकार निर्धोक आणि होकार जोखमीचा ठरतो, आणि किंचित शंका येताच आणखी एक फेरी फर्मावण्याची कचेरीवृत्ती बळावते.

या दीर्घसूत्रीपणाचा हिशेब खुद्द गूगलनेच तपासला. मनुष्यबळ विभागाचे तत्कालीन प्रमुख लॅझ्लो बॉक यांनी 2015 च्या आपल्या पुस्तकात त्याचा निष्कर्ष नमूद केला आहे: नेमणूक करावी की नाही, हे चार मुलाखतींवरून 86 टक्के खात्रीने सांगता येते, आणि पुढील प्रत्येक मुलाखतीने त्यात जेमतेम एका टक्क्याची भर पडते.

शिवाय, मोजले जाते ते कौशल्यच, हेही गृहीत धरता येत नाही. नॉर्थ कॅरोलायना स्टेट विद्यापीठ व मायक्रोसॉफ्ट येथील संशोधकांनी 2020 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात 48 जणांना फळ्यावर प्रश्न सोडवायला दिले, काहींना परीक्षकासमोर आणि काहींना एकांतात; परीक्षकासमोरच्यांची कामगिरी एकांतातल्यांच्या निम्म्याहूनही खाली घसरली.

त्या एका टक्क्याची किंमत कंपनी नव्हे, तर रजा टाकून येणारा उमेदवार मोजतो. म्हणून त्याने पहिल्याच संभाषणात फेऱ्यांची संख्या, प्रत्येकीचा विषय आणि निकालाची मुदत लेखी मागून घ्यावी. आणि पाचवी किंवा सहावी फेरी फर्मावणाऱ्या अधिकाऱ्याने तिच्यातून नवे काय कळणार आहे, ते आधी कागदावर लिहावे.