पंपाची भीती आणि गोळीचा हिशेब

“एकदा पंप लागला की सुटत नाही.” भूम असो की बार्शी, दमेकऱ्याच्या घरात हे वाक्य ऐकू येतंच. म्हणून गोळ्या चालतात, मृगाला हैदराबादच्या मासळीच्या औषधाची रांग चालते, कोजागिरीच्या खिरीतलं औषधही चालतं. श्रद्धा ज्याची त्याची. पण त्यापायी चालू पंप बंद करणं जिवावर बेतू शकतं.

गोळी सौम्य आणि पंप जहाल, हा समज हिशेबात टिकत नाही. सालब्युटामॉलची नेहमीची गोळी ४ मिलिग्रॅमची. पंपाच्या एका दाबात याच औषधाचे १०० मायक्रोग्रॅम असतात, म्हणजे गोळीच्या चाळिसाव्या हिश्श्याएवढे. गोळी पोटातून रक्तात, रक्तातून अंगभर फिरते. हात थरथरतात, छाती धडधडते. पंपाचं औषध थेट श्वासनळीत उतरतं, म्हणून थोडक्यात भागतं.

भूम तालुका खव्याचा. लाकडाच्या भट्टीपुढे कढई ढवळणाऱ्याच्या नाकातोंडात धूर जातो, आणि धुराने दमा चाळवतो. ज्वारीच्या मळणीची धूळ, बालाघाटातली पहाटेची थंडी यांचंही तेच. अशा वेळी हात जातो तो बहुधा निळ्या, म्हणजे सालब्युटामॉलच्या पंपाकडे. तो आकसलेली नळी काही मिनिटांत मोकळी करतो. चार-सहा तास बरं वाटतं. नळीची सूज मात्र तशीच राहते. ती उतरवतो ब्युडेसोनाइडसारख्या स्टेरॉइडचा पंप, रोज आणि सावकाश. लगेच फरक जाणवत नाही, म्हणून नेमका तोच आधी सुटतो. दम्यावरच्या ‘जिना’ या जागतिक मार्गदर्शक संस्थेने २०१९ पासून नुसत्या सालब्युटामॉलवर दमा हाताळू नये, असं स्पष्ट सांगितलं आहे. पंपाच्या रंगावर विसंबू नका, कंपनीगणिक तो बदलतो, नाव वाचा.

पंप हलवावा, श्वास पूर्ण सोडावा, ओठांत घट्ट धरावा, मग हळू, खोल श्वास घेता घेता दाबावा आणि दहा सेकंद श्वास रोखावा. पुढचा दाब अर्ध्या मिनिटाने. कॅप्सूलच्या रोटाहेलरचं तंत्र उलटं: तिथे श्वास जोरात ओढायचा. ती कॅप्सूल गिळायची नसते. स्टेरॉइडनंतर चूळ भरून टाकावी, नाहीतर तोंडात बुरशी धरते.

श्वास आणि दाब यांचा मेळ लहानांना, म्हाताऱ्यांना जमत नाही. औषध जिभेवरच राहतं. त्यांना स्पेसर, म्हणजे पंप आणि तोंड यांच्यामध्ये बसवायची पोकळ नळी, हवा. तो महाग वाटत असेल तर एक गोष्ट सांगण्याजोगी आहे. दक्षिण आफ्रिकेतल्या डॉक्टरांनी १९९९ साली ‘लॅन्सेट’मध्ये दाखवून दिलं की पाण्याच्या अर्ध्या लिटरच्या प्लास्टिक बाटलीला पंप घट्ट बसवला, तर मुलांमध्ये ती विकतच्या स्पेसरइतकीच कामाला येते. बाटली डॉक्टरांना दाखवून, शिकून वापरावी.

पंप उन्हात किंवा भट्टीशेजारी ठेवू नये. रिकामा डबाही चुलीत टाकू नये. आत दाब असतो, तो फुटतो.

आणि रोग्याला एक वाक्य सलग बोलवत नसेल, ओठ निळसर पडले असतील, तर वाट न पाहता १०८ लावा. गाडी येईपर्यंत त्याला बसवून ठेवा आणि सालब्युटामॉल स्पेसरमधून, अर्ध्या-एक मिनिटाच्या अंतराने एकेक दाब, असे दहापर्यंत देत राहा.