गर्भावस्थेतील व प्रसूतीनंतरचे नैराश्य : प्रकाश व निद्रा यांवर आधारित उपचार

गर्भावस्थेत किंवा प्रसूतीनंतर येणारे नैराश्य हा स्वभावदोष नसून आजार होय. विक्रम पटेल व सहकाऱ्यांनी गोव्यात केलेल्या आणि २००२ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात प्रसूतीनंतर ६ ते ८ आठवड्यांनी २३ टक्के मातांमध्ये तो आढळला. पोटातील बाळावर वा अंगावरच्या दुधावर परिणाम होईल या भीतीने अनेक स्त्रिया औषध टाळतात. औषधाविना उपचारांचे महत्त्व येथेच आहे.

डोळ्यांतील दृष्टिपटलात वस्तू पाहण्यासाठी नव्हे, तर मुख्यतः उजेडाची नोंद घेण्यासाठी असलेल्या काही पेशी आहेत. त्या मेंदूतील जैविक घड्याळाला संदेश देतात. सकाळचा प्रखर प्रकाश हे घड्याळ अलीकडच्या वेळेवर आणतो आणि झोपेचे चक्र सावरतो. स्वित्झर्लंडमधील ॲना विर्झ-जस्टिस व सहकाऱ्यांनी २०११ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात २७ गर्भवती स्त्रिया पाच आठवडे रोज सकाळी एक तास दिव्यासमोर बसल्या. काहींना ७,००० लक्सचा पांढरा, तर इतरांना ७० लक्सचा मंद तांबडा प्रकाश देण्यात आला. पहिल्या गटातील ६८.६ टक्के व दुसऱ्यातील ३६.४ टक्के स्त्रियांची लक्षणे जवळजवळ नाहीशी झाली. संख्या लहान आहे. शिवाय नाममात्र उजेडानेही एक तृतीयांशाहून अधिक स्त्रिया सुधाराव्यात, ही गोष्ट दुर्लक्षिण्याजोगी नाही.

घरातील दिव्यांचा उजेड बहुधा काही शे लक्सपलीकडे जात नाही. उघड्यावर मात्र ढगाळ दिवशीही तो कित्येक हजार लक्स असतो. वारा लागू नये म्हणून दारे-खिडक्या लावून घेतलेली आपल्याकडील बाळंतिणीची खोली या दृष्टीने पुन्हा पाहण्यासारखी आहे.

निद्रेचा भाग अधिक गुंतागुंतीचा आहे. एक रात्र जागविल्यास अनेक नैराश्यग्रस्तांचे मन दुसऱ्या दिवशी हलके होते, असे जर्मनीतील फ्लुग व ट्योले यांनी १९७१ मध्ये नोंदविले. परंतु पुढच्या झोपेनंतर आजार बहुधा परततो. अमेरिकेत सॅन दिएगो येथील बार्बरा पॅरी यांनी गर्भवती व प्रसूत स्त्रियांमध्ये अर्ध्या रात्रीचे जागरण अभ्यासले. २००० सालच्या त्यांच्या लहानशा अभ्यासात पूर्वरात्रीपेक्षा उत्तररात्रीचे जागरण अधिक उपयोगी ठरले. पुढे त्यांनी त्याला प्रकाशाची जोड दिली.

यावरून बाळासाठी रात्रभर जागणारी आई आपोआप बरी होईल, असा अर्थ काढणे घातक आहे. उपचारातील जागरण ठरावीक वेळेचे, मोजके व देखरेखीखालील असते. आईची तुटक झोप तशी नसते. बायपोलर विकार असलेल्या स्त्रीत झोपमोड उन्मादाला निमित्त होऊ शकते, प्रखर प्रकाशानेही क्वचित तसे घडते, आणि प्रसूतीनंतरचे पहिले काही आठवडे याबाबतीत सर्वांत जोखमीचे असतात. तेथे झोप राखणे हाच उपचार. माहेरी आजीने रात्री बाळ सांभाळण्याची रीत याच कामी येते. म्हणून दिवा सुचविण्यापूर्वी रुग्णेला किंवा तिच्या रक्ताच्या नातलगांना पूर्वी उन्मादाचा झटका आला होता काय, हे डॉक्टरांनी विचारावेच लागते. दृष्टिपटलाचा विकार असल्यास नेत्रतज्ज्ञाचा सल्लाही घ्यावा लागतो. आत्महत्येचे विचार येत असतील, तर दिव्याच्या परिणामाची वाट पाहत न बसता मानसोपचारतज्ज्ञाकडे तातडीने नेणे आवश्यक ठरते.