१४ दिवसांत गेम बंद! हिरो शूटरच्या शर्यतीत कोट्यवधींचे गेम का आपटतात?

सातपुड्याच्या पायथ्याशी, बुलढाणा जिल्ह्यातल्या सोनाळ्यात एखाद्या पोराला ‘गेम खेळतोस का?’ विचारलं, तर तो खिशातून मोबाईल काढेल. बीजीएमआय, फ्री फायर ही नावं त्याला पाठ असतील. पण जगभरातल्या बड्या कंपन्या सध्या ज्या प्रकारासाठी भांडतायत, तो मुख्यतः पीसी आणि कन्सोलवर चालतो. त्याचं नाव हिरो शूटर.

हिरो शूटर म्हणजे काय?

साध्या शूटिंग गेममध्ये सगळे खेळाडू सारखेच, फरक फक्त बंदुकीचा. हिरो शूटरमध्ये प्रत्येक पात्राची ताकद वेगळी. कबड्डीत चढाई करणारा वेगळा आणि कोपरारक्षक वेगळा, तसंच. एक जण पुढे राहून मार झेलतो, दुसरा हल्ला करतो, तिसरा साथीदारांना बरं करतो. २०१६ मध्ये ब्लिझार्डच्या ‘ओव्हरवॉच’ने हा प्रकार घराघरात नेला.

मग १४ दिवसांत काय घडलं?

२३ ऑगस्ट २०२४ ला सोनीने ‘कॉनकॉर्ड’ आणला. किंमत ४० डॉलर, म्हणजे तेव्हाच्या दराने ३,३०० रुपयांच्या वर. स्टीमवर एकाच वेळी खेळणाऱ्यांचा आकडा ७०० च्याही पुढे गेला नाही. ६ सप्टेंबरला गेम बंद झाला आणि सोनीने पैसे परत केले. पुढच्याच महिन्यात तो बनवणारा फायरवॉक स्टुडिओही बंद करण्यात आला.

कारण काय?

‘ओव्हरवॉच २’, ‘व्हॅलोरंट’, ‘एपेक्स लेजंड्स’ हे सगळे फुकट होते. त्यात असे गेम टोळीने खेळायचे असतात. मित्र जिथे, आपण तिथे. एका हिरोवर हात बसायला महिने लागतात, वर स्किनवर पैसे गेलेले असतात. नवा गेम चांगला असला तरी हे सगळं सोडून जाणार कोण?

मग ‘मार्व्हल रायव्हल्स’ कसा चालला?

६ डिसेंबर २०२४ ला चिनी कंपनी नेटईजने तो फुकट आणला. स्पायडरमॅन, आयर्न मॅनसारखे ओळखीचे चेहरे, ३३ हिरो आणि पहिल्या दिवसापासून सगळे खुले. तीन दिवसांत एक कोटी खेळाडू आले. त्यानंतर २०२५ मध्ये ‘ओव्हरवॉच २’ने लूट बॉक्स परत आणले, ‘स्टेडियम’ हा नवा मोडही दिला. स्पर्धा वाढली की खेळणाऱ्याचा असा फायदा होतो.

महाराष्ट्राचा संबंध?

पुण्याच्या सुपरगेमिंग कंपनीने १६ ऑक्टोबर २०२४ ला ‘इंडस’ हा मोबाईल गेम आणला. तो बॅटल रॉयल आहे, हिरो शूटर नाही. पण अडचण तीच: आधीच बीजीएमआयवर जमलेली मित्रांची टोळी उठवून आपल्याकडे आणायची कशी?

तुमच्या खिशाला काय?

‘एपेक्स लेजंड्स मोबाईल’ मे २०२२ मध्ये आला आणि १ मे २०२३ ला बंद झाला. सर्व्हर गेला, त्यासोबत पैसे देऊन घेतलेल्या स्किनही गेल्या. ‘कॉनकॉर्ड’सारखे पैसे दरवेळी परत मिळत नाहीत. त्यामुळे नव्या गेममध्ये टॉपअप मारण्याआधी एवढंच बघा: आपली टोळी तिथे टिकणार आहे का? कारण गेमही तिच्याच जिवावर टिकतो.